पहिले पान आणि सांगण्याचा अधिकार

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून त्यांतल्या छापण्याजोग्या निवडण्याचे काम मी काही वर्षे केले. जून लागला की हस्तलिखिते येऊ लागत. ऑगस्टअखेर निवड पक्की करावी लागे, कारण त्यानंतर मजकूर चित्रकाराकडे जायचा असे. दिवस थोडे आणि कथा पुष्कळ, त्यामुळे मला एक सवय लागली. पहिले पान वाचायचे. त्याने धरून ठेवले तर पुढे जायचे, नाहीतर कथा दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायची. या सवयीला मी तेव्हा कसोटी म्हणत असे. ती खरे तर माझी सोय होती, हे कळायला बरीच वर्षे गेली.

ते कसे कळले ते आधी सांगतो, कारण या लेखाचा प्रश्न तिथूनच निघाला. एका वर्षी एका नव्या लेखिकेची कथा आली. दोन जावांची गोष्ट होती. धाकटीच्या निवेदनातून सांगितलेली. पहिली दीड पाने दोघी ओट्यावर चिंच फोडायला बसल्या आहेत, एवढेच. टरफले एका बाजूला, चिंचोके दुसऱ्या बाजूला, शिरा काढून टाकलेली चिंच मधल्या गोणपाटावर. थोरली बोलत नाही. मात्र आपण फोडलेली चिंच ती मधूनमधून धाकटीच्या ढिगात सरकवते, म्हणजे सासूला धाकटीचे काम कमी दिसू नये. तिसऱ्या पानावर थोरली विहिरीत सापडते. कथेच्या शेवटी धाकटी फडताळातली बरणी उघडते आणि मीठ लावून ठेवलेला चिंचेचा गोळा हातात घेऊन उभी राहते.

मी लेखिकेला कळवले की कथा चांगली आहे, पण ती तिसऱ्या पानावर सुरू होते; पहिली दीड पाने काढून टाका. तिने काढली. कथा छापून आली, लोकांनी वाचली. एका वाचकाचे पत्र आले, त्यात एकच प्रश्न होता : शेवटी त्या बरणीचे काय? मी त्या पत्राला उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते. बरणीचे उत्तर मी कापलेल्या दीड पानांत होते. पुढे लेखिकेचा संग्रह निघाला तेव्हा तिने ती पाने परत घातली होती. मला तसे काही कळवले नव्हते. कळवायचे कारणही नव्हते.

त्यानंतर मी लेखन शिबिरांत एक वाक्य म्हणणे बंद केले. ते वाक्य असे : पहिल्याच ओळीत वाचकाला पकडा. आजही ते सर्रास सांगितले जाते. त्याचा परिणाम हस्तलिखितांत दिसतो. फोन वाजतो, दाराची बेल वाजते, रुग्णालयाच्या मार्गिकेत कोणी धावत येते, पहिल्याच वाक्यात कोणीतरी मेलेले असते. हे सगळे मी शेकड्यांनी वाचले आहे. मग मला वाटू लागले की मराठीत टिकून राहिलेल्या कथा-कादंबऱ्यांची पहिली पाने खरोखर काय करतात, हे एकदा शांतपणे पाहावे. पुढे जे लिहिले आहे ते त्या पाहण्याचा हिशेब आहे. प्रत्येक पहिल्या पानाला मी तीन प्रश्न विचारले. कोण सांगते आहे? कोणाला सांगते आहे? आणि हे सांगण्याचा अधिकार त्याला किंवा तिला कुठून मिळाला?

बैठक

छापील कादंबरी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली. गोष्ट सांगणे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. श्रावणातल्या कहाण्या घ्या. त्यांची सुरुवात 'ऐका' या शब्दाने होते आणि ऐकायला सांगितले जाते ते देवाला किंवा वाराला. ज्याची कहाणी, त्यालाच ती ऐकवली जाते. समोर घरातल्या बायका हातात अक्षता घेऊन बसलेल्या असतात. मग आटपाट नगर येते. त्या नगराला नाव नाही, वर्णन नाही, काळ नाही. कहाणीचा शेवट सगळ्यांना मागच्या श्रावणापासून माहीत असतो. उत्कंठा म्हणतात ती इथे औषधालाही नाही. तरी दर वर्षी ती ऐकली जाते, कारण त्या एका 'ऐका'ने एरवी घरात जिचे फारसे कोणी ऐकत नाही अशा बाईला सांगण्याचा अधिकार मिळतो. त्या दिवशी, त्या पाटावर, तिचे बोलणे मध्येच कोणी तोडत नाही.

तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. कीर्तनात नमन, पूर्वरंग, आणि मग उत्तररंगातले आख्यान. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटेल. पण या सुरुवातींचे काम लोकांना पकडण्याचे नाही, जमवण्याचे आहे. कोणी अजून वाटेत असते, कोणी जागा शोधत असते, मूल रडत असते. सुरुवात म्हणजे बैठक घालणे. सांगणारा कोण, तो कोणाच्या नावाने बोलणार, ऐकणाऱ्याने कसे बसावे, हे ठरले की मग गोष्ट.

छपाई आली आणि बैठक मोडली. वाचक एकटा झाला. सांगणाराही दिसेनासा झाला. तेव्हा जे काम गण आणि नमन करत, ते कागदावर कसे करायचे, हा मराठी कादंबरीपुढचा पहिला प्रश्न होता असे मला वाटते. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले तेव्हा विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू त्यांनी पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगून टाकला. तिथे अधिकार येतो तो हेतूतून. सांगणाऱ्याची नैतिक बाजू भक्कम आहे, म्हणून त्याचे ऐकावे. पण ज्या विधवांविषयी हे पुस्तक आहे त्यांचा स्वतःचा आवाज मराठी कादंबरीत येऊन बसायला आणखी तीन दशके जावी लागली.

'पण'पासून सुरुवात

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ साली आली. या कादंबरीची सुरुवात मी तिच्या नावापासून धरतो. पहिला शब्द 'पण' आहे. आपण 'पण' केव्हा म्हणतो? आधी काहीतरी बोलून झालेले असते तेव्हा. म्हणजे नाव वाचताक्षणी असे वाटते की कोणीतरी पुष्कळ वेळ बोलत होते आणि आपण उशिरा पोचलो. वाचकाला ओढून आणलेले नाही. उलट तो आजवर आला नाही, याचीच त्याला जाणीव करून दिली आहे. 'कोण घेतो' हा प्रश्नही त्यालाच आहे.

आत गेल्यावर यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, आणि ती लहानपणापासून सांगते. घर, आई, वडील, दादा. कादंबरीतला सर्वांत भयंकर प्रसंग, तिच्या केशवपनाचा, फार पुढे आहे. आजच्या शिबिरातल्या सल्ल्याप्रमाणे कादंबरी तिथूनच सुरू व्हायला हवी : न्हाव्याची धोकटी, बंद दार, किंकाळी, आणि मग मागे वळून बालपण. हरिभाऊंनी तसे केले नाही. साप्ताहिकाला दर आठवड्याला वाचक टिकवायचा होता, तरी केले नाही.

का केले नाही, याचे उत्तर त्या काळात आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रान उठले होते. १८९१ साली कायदा झाला. त्या दिवसांत विधवा हा वर्तमानपत्री वादाचा विषय होता आणि वाचकाची बाजू आधीच ठरलेली होती. पहिल्या पानावर विधवा दिसली असती तर अर्ध्या वाचकांनी मान डोलावली असती आणि अर्ध्यांनी अंक मिटला असता. पहिल्या पानावर त्यांना दिसते ती एक बोलकी मुलगी. तिच्याविषयी कोणाचेच मत झालेले नाही. ती कोण आहे हे ओळखीचे झाल्यावर तिचे काय झाले हे सांगितले, तर ते 'प्रकरण' राहत नाही. चिंचेच्या कथेत माझ्या हातून नेमके हेच बिघडले होते. थोरली कोण हे कळण्याआधी मी वाचकाला तिचे प्रेत दाखवले.

यात एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून ठेवता येत नाही. यमूचा आवाज एका पुरुषाने लिहिलेला आहे. सांगण्याचा अधिकार बाईला मिळाला, पण तो तिच्या नावाने दुसऱ्याने वापरला. हरिभाऊंचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण सुरुवात हा अधिकाराचा प्रश्न आहे असे म्हटले की तो अधिकार कोणाच्या हाती होता, हेही विचारावे लागते. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा उलट झाले. बाई लिहीत होती, पण खरे नाव झाकून. त्या पुस्तकावर उठलेल्या वादळात हे लिहिणारी कोण, हा प्रश्न पुस्तकाइतकाच मोठा झाला होता.

संध्याकाळ आणि मेलेला माणूस

मोडलेली बैठक कागदावर पुन्हा घालण्याचा सर्वांत सरळ प्रयत्न साने गुरुजींचा आहे. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि ऐकणारे रोज वाढत जातात. एक योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली होती आणि ती उतरून घेतली होती साने गुरुजींनी. दुसऱ्याचे बोलणे ऐकून लिहिणाऱ्या माणसाने वर्षभरात स्वतःचे पुस्तक लिहिले, तेही बोलण्याच्याच रूपात. त्याच्या सुरुवातीला कसलीही घाई नाही. दिवसाचे काम संपले आहे, प्रार्थना झाली आहे, माणसे बसली आहेत. वाचकालाही तिथेच जागा दिली आहे. अनेक पिढ्यांना हे पुस्तक एकट्याने वाचतानाही कोणीतरी वाचून दाखवत असल्यासारखे वाटत आले, त्याचे कारण या मांडणीत आहे.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'पुढे, १९६७ साली, अडचण वेगळी होती. कर्णाचा शेवट सर्वांना माहीत आहे. रथाचे चाक रुतणार, बाण लागणार. तिथे उत्कंठेची भाषा चालत नाही. कादंबरीच्या आरंभी कर्ण बोलू लागतो आणि मेलेला माणूस कसा बोलतो, ही वाचकाची शंका तो स्वतःच पुढे करतो. महाभारतात वैशंपायन जनमेजयाला सांगतो, सौती ऋषींना सांगतो. कर्णाविषयी सगळे बोलतात. आपली बाजू सलगपणे मांडायला त्याला स्वतःला कोणी बसवलेले नाही. कादंबरीचे पहिले पान म्हणजे त्याने मागितलेली सुनावणी आहे. पुढे नऊ भागांत सहा जण बोलतात, तेही साक्षीदारांसारखे. शेवटचा शब्द कृष्णाचा. त्या आरंभातली भाषा मला आज जरा जास्त उंच स्वरातली वाटते. सांगण्याची गरज आहे हे इतक्या जोरात सांगावे लागू नये. पण हक्काने मागितलेली सुनावणी वाचक नाकारत नाही, हे या कादंबरीच्या आवृत्त्यांनी दाखवून दिले आहे.

तंत्र आणि त्यानंतर

पकडा, हा सल्ला मग आला कुठून? मराठीत त्याला वंशावळ आहे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली आले. कथा ही रचना आहे, तिला सुरुवात, गुंतागुंत, कळस आणि उकल असते आणि हे सगळे शिकता येते, हा विचार त्यांनी पुष्कळ लिहून आणि स्वतःच्या कादंबऱ्यांतून रुजवला. त्यांच्यावर टीका करणे आता सोपे झाले आहे. मला त्यांचे ऋण मान्य आहे. लेखन शिकता येते हे कोणीतरी म्हणायला हवे होते. पण तंत्राच्या या हिशेबात सांगणारा कोण हा प्रश्न उरत नाही. कोणीही सांगितले तरी रचना तीच. वाचक हे एक सावज होते आणि सुरुवात हे जाळे.

१९४५च्या आसपास नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या चौघांत एकमेकांशी फारसे साम्य नाही, पण आखीव रचनेचा जाच चौघांनीही आपापल्या परीने झुगारला. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. तिच्या सुरुवातीला एक कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात घरून निघून वाडीकडे चालू लागतो. एवढेच घडते. माणदेशातली वाट, एकटेपण, पुढे काय वाढून ठेवले आहे याची धाकधूक. वाडी कशी आहे हे त्याला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.

इथे अधिकाराचे उत्तर नवे आहे. हा सांगणारा अधिकार मागत नाही, तो आपल्यापाशी नाही हे मान्य करून चालू लागतो. तो धनगरांतला नाही, वयाने पोरसवदा आहे. शाळेत मुले नाहीत. कारभारी त्याला जोखतो. वाडीविषयी बोलण्याचा हक्क तो पानोपानी कमावत जातो. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस होते आणि मास्तर तिथून निघतो. ते वाचल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेले की पहाटेची ती चाल वेगळी दिसते. येताना वाट परकी होती. जाताना मागे राहिलेली माणसे आपली झालेली असतात. पहिल्या वाचनात साध्या वाटणाऱ्या सुरुवातीचे मोल दुसऱ्या वाचनात कळते. एका नजरेत पान जोखणाऱ्या संपादकाला ते कळण्याची सोय नाही.

इथपर्यंत पाहिलेली बहुतेक उदाहरणे प्रथमपुरुषी निवेदनाची आहेत, म्हणून कोणी म्हणेल की माझे तीन प्रश्न तेवढ्यापुरतेच. तसे नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये, १९६० साली, निवेदक तृतीयपुरुषी आहे. पण कौतिक आणि तिच्या भोवतीची माणसे वऱ्हाडीत बोलू लागली की निवेदक कुठे उभा आहे हे कळते. तो त्या घराच्या आत आहे. बोलीतला एखादा शब्द नेमका पडला की अधिकाराचा दाखला वेगळा काढावा लागत नाही. चिंच फोडणाऱ्या बाईला शिरा कशा काढतात हे माहीत असणे, हाही दाखलाच होता.

१९६३ : दोन नावे

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ची. तिच्या पहिल्याच ओळींत पांडुरंग सांगवीकर आपले नाव सांगतो, वय पंचवीस सांगतो आणि वयाला 'उदाहरणार्थ' हा शब्द जोडतो. पुढे वाचकाला उद्देशून बोलताना 'वगैरे' म्हणतो आणि सांगण्यासारखे एवढेच आहे असे सुचवून मोकळा होतो. मराठीत इतकी बेपर्वा सुरुवात आधी झाली नव्हती. वय उदाहरणादाखल, वाचक वगैरेंत जमा. श्यामने घातलेली बैठक इथे उधळून दिली आहे. सांगणाऱ्याला अधिकार नको आहे आणि ऐकणाऱ्याची त्याला गरज नाही. तरी तो बोलतच राहतो, अख्खी कादंबरीभर. या विसंगतीत वाचक अडकतो. त्या सैल शब्दांच्या आड काय दडवले होते ते धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग वाचताना कळते. उदाहरणार्थ म्हणून ज्याची बोळवण करता येत नाही, असे काही आयुष्यात असते.

'कोसला'नंतर दोन पिढ्यांनी ही सुरुवात उचलली. नाव, वय, कंटाळा. माझ्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यात दर वर्षी असे चार-पाच तरी पांडुरंग असत. त्यांच्यापाशी ते शब्द होते, पण त्या शब्दांना आडोसा म्हणून वापरावे असे दुःख नव्हते.

त्याच वर्षी, १९६३मध्येच, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. हे नाव 'पण लक्षात कोण घेतो'च्या शेजारी ठेवून पाहावे. तिथे 'पण', इथे 'जेव्हा'. हे वाक्य व्याकरणाने अपुरे आहे. जेव्हा मी जात चोरली होती, तेव्हा काय झाले? मुख्य वाक्य म्हणजे कथा. आणि क्रियापद पाहा. जात लपवली नाही, चोरली. हा आरोप करणाऱ्यांचा शब्द आहे आणि आरोपीने तो स्वतःच्या तोंडी घेतला आहे. रेल्वेत नोकरीसाठी परक्या गावी आलेला निवेदक जात उघड न करता राहतो. ती कळल्यावर त्याच्या वाट्याला मार येतो.

ही दोन पुस्तके एका वर्षाची आहेत, हे आपण सहसा एका दमात म्हणत नाही. म्हणायला हवे. पांडुरंग पहिल्याच वाक्यात आडनावासकट नाव सांगू शकतो. त्याला त्यात जोखीम नाही, म्हणून तो पुढच्या क्षणी त्या ओळखीला झटकूनही टाकू शकतो. बागुलांच्या निवेदकाला नाव विचारले जाते ते जात कळावी म्हणून. त्याच्यासाठी ओळख सांगणे हीच कथेतली सर्वांत धोक्याची कृती आहे. एकाची सुरुवात नावाने होते, दुसऱ्याची कथा नाव सांगता न येण्याने. पंधरा वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांच्या 'बलुतं'च्या आरंभी दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन अवतार समोरासमोर येतात आणि एक दुसऱ्याला आपली हकीकत सांगतो. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण कोण सांगतो आणि कोणाला, या प्रश्नाला मराठीत इतके थेट उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. जुने नाव नव्या नावाला सांगते आहे, आणि आपण ते ऐकणारे तिसरे आहोत.

मग नव्या लेखकाला काय सांगायचे

संथ सुरुवात चांगली आणि वेगवान वाईट, असे मला म्हणायचे नाही. बेल वाजणाऱ्या कथांइतक्याच पूर्वेला तांबडे फुटणाऱ्या कथाही मी परत केल्या आहेत. पाखरे किलबिलत आहेत, गार वारा सुटला आहे, आणि हे कोण पाहते आहे याचा पत्ता नाही. दारावरची बेल आणि पूर्वेचे तांबडे, दोन्ही कोणाचेच नसते, दोष हा आहे. उलट पहिल्या ओळीत मृत्यू असूनही सुरुवात खरी असू शकते, जर तो मृत्यू कोणी सांगावा आणि का सांगावा हे त्या ओळीतच असेल.

संपादकाची बाजूही मला ठाऊक आहे. 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजपर्यंत या अंकांच्या संपादकांना वेळ पुरल्याचे मी ऐकलेले नाही. आता तर वाचकाच्या हातातला मोबाइल दर मिनिटाला त्याला दुसरीकडे बोलावतो. म्हणून सुरुवात लवकर पोचली पाहिजे, हे मी मान्य करतो. फक्त काय पोचायला हवे, याबद्दल माझे मत बदलले आहे. घटना नंतर पोचली तरी चालते. सांगणारा आधी पोचला पाहिजे.

शिबिरात आता मी एक साधी गोष्ट करायला सांगतो. कथा पूर्ण झाली की शेवटचे पान वाचा आणि लगेच पहिले वाचा. शेवटामुळे पहिल्या पानातले काही नव्याने दिसू लागले तर ते पान राहू द्या, मग ते कितीही शांत असो. काहीच बदलले नाही तर ते कापा, मग ते कितीही धावते असो. ही परीक्षा 'बनगरवाडी'ला लावून पाहावी, 'कोसला'ला लावून पाहावी. मी चिंचेच्या कथेला लावायला हवी होती. तिथे शेवटच्या पानावर बरणी होती आणि पहिल्या पानावर चिंच. दोन पाने शेजारी ठेवण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

त्या दीड पानांत काय होते, ते आता मला नीट सांगता येते. धाकटी जाऊ तिथे स्वतःचा अधिकार मांडत होती. माझ्या ढिगात तिची चिंच आहे, म्हणून तिच्याविषयी मीच बोलणार, असे ती न बोलता म्हणत होती. पाने गेली आणि तिचा तो हक्कही गेला. उरली ती बातमी.

तो संग्रह माझ्या कपाटात आहे. लेखिकेला पत्र लिहावे असे अनेकदा मनात आले. या लेखाच्या निमित्ताने ते लिहून झाले असे समजतो. त्या वाचकाला मात्र उत्तर द्यायचे राहिले आहे. बरणीतला गोळा थोरलीच्या हातचा होता, आणि त्यात निम्मी चिंच धाकटीच्या नावावर होती.